नागपूरहून अन्नपूर्णा बेस कॅम्प: पायांची तयारी घरी, उंचीची तयारी वाटेवर

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर, नेपाळमधला अन्नपूर्णा बेस कॅम्प 4,130 मीटरवर. हे अंतर पार करायला दोन वेगळ्या तयाऱ्या लागतात आणि बहुतेकांची गडबड होते ती या दोन एकच समजल्यामुळे. पहिली तयारी पायांची. ती नागपुरात पूर्ण होते, त्यासाठी सह्याद्रीत जायची गरज नाही. दुसरी उंचीची. ती नागपुरात कितीही पळालात तरी होत नाही, कारण विरळ हवेची सवय शरीराला विरळ हवेतच लागते. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. मॅरेथॉन धावणाऱ्याचं डोकं तिथे दुखतं आणि पान खात हळूहळू चालणारे काका आरामात पोहोचतात, ते यामुळेच.

कधी निघायचं

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबरचा तिसरा आठवडा हा सगळ्यात भरवशाचा काळ. पाऊस ओसरलेला असतो, आकाश धुतल्यासारखं असतं आणि दिवाळीच्या सुट्ट्याही जवळपास असतात. मार्च-एप्रिलमध्ये लालीगुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो, जंगल लालभडक होतं. पण दुपारी ढग येतात आणि वाटेवरच्या देउराली मुक्कामाच्या वरच्या टप्प्यात हिमकडे कोसळण्याचा धोका वाढतो. जून ते सप्टेंबर जाऊ नका: जळवा, निसरड्या पायऱ्या, दरडी.

ऑक्टोबरमध्ये एक अडचण असते. आपली नवरात्र-दसरा म्हणजे नेपाळचा दशैं. तेव्हा अख्खा नेपाळ गावी निघालेला असतो आणि बसमध्ये उभं राहायला जागा नसते. इकडे दसऱ्याला दीक्षाभूमीमुळे नागपूर स्टेशनवर आणि गाड्यांमध्ये लाखोंची गर्दी. त्यामुळे दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी निघणं सोयीचं.

निघण्याआधीच्या आठवड्यात बंगालच्या उपसागरावर नजर ठेवा. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचे उरलेसुरले ढग दोन दिवसांत अन्नपूर्णेवर पोहोचले आणि 14 तारखेला थोरोंग ला या खिंडीच्या परिसरात अवेळी प्रचंड हिमवादळ झालं. चाळीसहून अधिक माणसं गेली. आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ येणार अशी बातमी असेल आणि तुम्ही वाटेत असाल, तर तीन हजार मीटरच्या खाली मुक्काम करून दोन दिवस थांबा. वरून निरभ्र दिसत असलं तरी थांबा.

आधी डॉक्टर, मग बूट

बारा आठवडे आधी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. विदर्भातल्या लोकांनी आणखी एक तपासणी चुकवू नये: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्याकडे याचं प्रमाण बरंच आहे आणि वाहक असलेल्या, म्हणजे ‘एएस’ असलेल्या माणसाला घरी काहीच त्रास नसतो, त्यामुळे त्याला अनेकदा ठाऊकच नसतं. उंचावर ऑक्सिजन कमी झाला की अशा माणसाच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगड्यांखाली जोरात दुखायला लागतं आणि सोबतचे गॅसची गोळी देत बसतात. साध्या चाचणीत काही आढळलं, तर इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पक्की चाचणी करून घ्या आणि जायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असणाऱ्यांनी या उंचीवर जाऊ नये.

बारा आठवडे, एक जिना

या वाटेवर चढणीपेक्षा पायऱ्या दमवतात. छोमरोंग गावातून नदीपर्यंत दगडी पायऱ्यांनी सुमारे तीनशे मीटर उतरायचं आणि लगेच पलीकडे सिनुवापर्यंत पाचशे मीटर चढायचं. परतीला तेच उलटं, तेही थकलेल्या पायांनी. त्यामुळे अंबाझरीला रोज दहा किलोमीटर चालणं चांगलं असलं तरी पुरेसं नाही.

जिना शोधा. एक मजला साधारण तीन मीटर धरला, तर दहा मजली इमारत म्हणजे तीस मीटर. दहा वेळा चढ-उतर केलं की छोमरोंगचा उतार झाला, सतरा वेळा केलं की सिनुवाचा चढ. उतरताना लिफ्ट वापरायची नाही. खाली उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. हे काम त्याला सपाट रस्त्यावर फारसं पडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात ते त्यामुळेच. हा ताण आधी आठ-दहा वेळा नागपुरात सोसला, की वाटेवर तो बराच कमी होतो.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून तीन दिवस सहा ते आठ किलोमीटर भरभर चाल (अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, जे जवळ असेल ते) आणि दोन दिवस वीस मिनिटं जिना, रिकाम्या पाठीने. पाचव्या ते आठव्या आठवड्यात जिना चाळीस मिनिटं, सॅकमध्ये पाच किलो. नवव्यापासून अकराव्यापर्यंत आठ किलो आणि तासभर. या तीन आठवड्यांत शनिवार-रविवार लागोपाठ चाला, कारण ट्रेकवर थकलेल्या पायांनीच सकाळी उठायचं असतं. शेवटचा आठवडा फक्त हलकी चाल. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा: एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. वर पोहोचून पाणी ओतून टाकू नका, उतरतानाही ते वजन पाठीवर हवं.

ऑक्टोबरच्या ट्रेकसाठी ही तयारी जुलैत सुरू होते, म्हणजे पावसाळ्यात. श्रावणात नागपंचमीच्या आधी पचमढीला नागद्वारची यात्रा असते. वर्षातले थोडेच दिवस ती वाट उघडी असते आणि विदर्भातून माणसांची रीघ लागते. ओले खडक, उभे चढ, सलग कितीतरी तास चालणं: आपल्या आसपास याहून चांगला सराव नाही. गेलात तर ट्रेकचेच बूट घालून जा. चौरागडच्या पायऱ्या आणि 1,352 मीटरचा धूपगड तिथेच आहेत. तेवढं जमत नसेल तर रामटेकच्या पायऱ्या रविवारी सकाळी चार-पाच वेळा.

मार्च-एप्रिलला जाणाऱ्यांचा सराव जानेवारीत सुरू होतो. त्यांना ऊन लागत नाही, हा त्यांचा फायदा.

पाठीवर काय

स्वतः वाहायची सॅक सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका. पोर्टर घेतला तर एका माणसावर वीस किलोपेक्षा जास्त लादू नका. त्याच्याकडे गरम जॅकेट आणि धड बूट आहेत का, हे निघतानाच बघा.

बूट घोट्यापर्यंतचे, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, आणि संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जाड मोजा घालून बूट चढवा, पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट जायला हवं. ते जात नसेल तर उतारावर अंगठ्याचं नख रोज आपटेल आणि चौथ्या दिवशी काळं पडेल. नवे बूट निदान ऐंशी किलोमीटर वापरून मगच नेपाळला न्या. उतार सुरू होण्याआधी घोट्याजवळची नाडी दोनदा गुंडाळून गाठ पक्की करा, म्हणजे टाच जागच्या जागी राहते. टाचेला किंवा करंगळीला ‘जरा चुरचुरतंय’ असं वाटलं, की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची. अर्ध्या तासाने लावलेल्या पट्टीखाली फोड आधीच आलेला असतो.

कपडे तीन थरांत. आत घाम बाहेर टाकणारा सिंथेटिक किंवा लोकरी बनियन, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. मुक्कामावर घालायला पिसांचं जॅकेट वेगळं. सुती बनियन-टीशर्ट घरीच ठेवा. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि थांबलात की अंगातली ऊब ओढून घेतं. आपल्या लोकांना थंडीची इतकी धास्ती असते की सकाळी निघतानाच सगळं अंगावर चढवतात आणि पहिल्या अर्ध्या तासात घामाने चिंब होतात. निघताना थोडं कुडकुडायला झालं पाहिजे. दहा मिनिटं चाललात की ऊब येते. हिशोब असा: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ऑक्टोबरअखेरीस बेस कॅम्पला रात्री पारा शून्याच्या खाली पाच ते दहा अंश जातो. कानटोपी, हातमोजे, थर्मल यांवर फार खर्च नको. हिवाळ्यात शहरात दुकानं मांडणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे चांगला माल मिळतो. खर्च करायचा तो बुटांवर.

दोन काठ्या घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी उंची, चढावर पाच ते दहा सेंटिमीटर कमी, उतारावर तेवढीच जास्त. पट्ट्यात हात खालून वर घाला आणि मग मूठ आवळा. वरून हात घातला तर सगळं वजन बोटांवर येतं, मनगटावर येत नाही.

बाकीचं पटकन: डोक्याला लावायचा टॉर्च, गॉगल (बर्फावर डोळे भाजतात), सनस्क्रीन, दोन एक-लिटरच्या बाटल्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, ओआरएस, पॉवरबँक. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आणि पॉवरबँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. खायला शेंगदाणे-गूळ, खजूर, भाजक्या पोह्यांचा चिवडा. ठेच्याची एक छोटी बरणी नक्की न्या. उंचावर भूक मरते आणि तेव्हा वाफाळत्या डाळभाताबरोबर बोटभर ठेचा असला की ताट संपतं.

नागपूर ते पोखरा

सगळ्यात स्वस्त वाट गोरखपूरहून. राप्तीसागरसारख्या दक्षिणेकडून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या नागपूरवरून जातात, पण रोज नसतात, म्हणून ट्रेकच्या तारखा गाडीवरून ठरवा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या आसपासचं त्याच सकाळी भरतं. गोरखपूरहून सोनौलीपर्यंत बसने तीनेक तास, सीमा पायी ओलांडायची, पलीकडे भैरहवाहून पोखऱ्याची बस. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतलं असूनही घाटामुळे आठ-दहा तास जातात. बस लागत असेल तर पुढची सीट मागा. विमानाने दिल्ली-काठमांडूमार्गे वेळ वाचतो, खिसा हलका होतो.

व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालेल या भरवशावर जाऊ नका. 15 ते 65 वयाच्या लोकांसाठी ते प्रवासाचं कागदपत्र मानलं जात नाही. शंभर भारतीय रुपये म्हणजे 160 नेपाळी, हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा बाळगा, मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत. पोखऱ्यात क्यूआर कोडवर पैसे देता येतात, वर लॉजमध्ये नेटवर्कच नसतं. सगळा ट्रेक पुरेल एवढी नेपाळी रोकड पोखऱ्यातच काढून घ्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नाहीतर बस चुकते.

अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना पोखऱ्यात मिळतो. सार्क देशांच्या नागरिकांना तो हजार नेपाळी रुपयांत, इतर परदेशी लोकांना तीन हजारांत. पासपोर्ट आकाराचे चार फोटो सोबत असू द्या. 1 एप्रिल 2023 पासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना परवानाधारक गाइड सक्तीचा केला आहे. नियम नसता तरी पहिल्या हिमालयीन ट्रेकला गाइड घ्याच. विमा घेताना हेलिकॉप्टरने सुटका आणि किती मीटरपर्यंत, या दोन ओळी वाचून घ्या.

मुक्काम कुठे

एक नियम पाठ करा: 3,000 मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायचं ते झोपायचं ठिकाण.

पहिला मुक्काम घांद्रुक (2,010 मीटर). जीप आता बरीच वर जाते, झिनूच्या पुलाजवळही सोडते. तरी घांद्रुकचा दिवस वाचवू नका. दुसरा छोमरोंग (2,170). नकाशावर 160 मीटरचा फरक दिसतो, पण वाट किम्रोंग नदीपर्यंत खाली जाते आणि पुन्हा चढते, पाच-सहा तास लागतात. तिसरा दोवान (2,600). छोमरोंगपुढचा परिसर गुरुंग लोक पवित्र मानतात आणि पुढे मांस नेत नाहीत. सॅकमध्ये सुकटीची पुडी असेल तर ती गावातच संपवा. चौथा देउराली (3,230). पाचवा माछापुच्छ्रे बेस कॅम्प (3,700). सहाव्या दिवशी पहाटे चारला निघून दीड-दोन तासांत अन्नपूर्णा बेस कॅम्प, सूर्योदय, नाश्ता आणि त्याच दिवशी खाली बांबूपर्यंत (2,310). सातवा झिनू (1,780), तिथे नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत आणि गुडघ्यांना त्यांची गरज असते. आठव्या दिवशी 287 मीटर लांबीचा झुलता पूल ओलांडून जीपने पोखरा.

एक दिवस जास्त असेल तर दोवान ते देउराली ही 630 मीटरची उडी तोडा आणि मध्ये ‘हिमालय’ नावाच्या मुक्कामी (2,920) थांबा. झोप शांत लागते.

बहुतेक जण चुकतात ते पाचव्या दिवशी. देउरालीहून सकाळी निघालेला माणूस अकराला माछापुच्छ्रे बेस कॅम्पला पोहोचतो, बरं वाटत असतं, समोर बेस कॅम्प दोन तासांवर दिसतो. मग ‘चला, आजच उरकू’ म्हणत पुढे जाऊन तिथेच झोपतो. एका दिवसात 900 मीटर. दुपारी काही होत नाही. रात्री अकराच्या सुमारास डोकं ठणकायला लागतं, उलटी होते, आणि तेव्हा बाहेर अंधार, बर्फ आणि वारा असतो. उंचीचा त्रास पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून दुपारी बरं वाटणं हा कसलाच पुरावा नाही.

देउराली आणि माछापुच्छ्रे बेस कॅम्प यांमधला टप्पा हिउंचुली शिखराच्या उतारांखालून जातो. 17 जानेवारी 2020 ला देउरालीजवळ हिमकडा कोसळून सात जण गेले. हा टप्पा सकाळी दहाच्या आत ओलांडा. ऊन चढलं की वरचा बर्फ सैल होतो. ताजा बर्फ पडलेला असेल तर देउरालीच्या लॉजवाल्यांना विचारा. नदीपलीकडून पर्यायी वाट आहे, कोणती उघडी आहे हे त्यांना ठाऊक असतं. ते थांबा म्हणाले तर थांबायचं. या टप्प्यात फोटोसाठी उभं राहायचं नाही, माणसामाणसांत अंतर ठेवून सलग चालायचं.

वाटेत खेचरं आली की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्यांच्या पाठीवरची सिलिंडरं माणसाला सहज ढकलून देतात.

डोकं दुखलं तर

रोज तीन-चार लिटर पाणी, बोलता येईल एवढ्याच वेगाने चालणं, दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. डायमॉक्स (अ‍ॅसिटाझोलामाइड) डॉक्टरांना विचारूनच. बचावासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री लघवीला उठावं लागतं, त्याने घाबरू नका. ही गोळी घेतली म्हणून 500 मीटरचा नियम सुटत नाही.

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा जेवण नकोसं झालं, तर तो उंचीचाच त्रास समजा आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नका. रात्र गेली तरी तसंच असेल तर खाली उतरा.

याच्या पुढची दोन लक्षणं जिवावरची आहेत. लॉजच्या अंगणातल्या फरशांची एक सरळ रेघ धरा आणि माणसाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत दहा पावलं चालायला सांगा. तो तोल जाऊन बाजूला पाय टाकत असेल, बोलणं असंबद्ध असेल, तर मेंदूला सूज येत आहे. नुसतं बसूनही धाप लागत असेल, खोकल्यात फेस येत असेल, आडवं झाल्यावर गुदमरत असेल, तर फुप्फुसात पाणी भरतंय. दोन्ही वेळी सकाळची वाट पाहायची नाही. गाइडला उठवा, हेलिकॉप्टरची सोय सुरू करायला सांगा, आणि ते येईपर्यंत वाट सुरक्षित असेल तर माणसाला आधार देऊन किमान तीनशे ते हजार मीटर खाली आणा. एकट्याला कधीच खाली पाठवू नका. सोबत एक शुद्धीवरचा, वाट माहीत असलेला माणूस हवाच.

परतीला भैरहवात एक दिवस हाताशी ठेवा. लुंबिनी तिथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, अशोकाचा स्तंभ आणि मायादेवी मंदिर अर्ध्या दिवसात निवांत पाहून होतं, आणि गोरखपूरची रात्रीची गाडीही मिळते.